ऑनलाईन सूचीत हवी ती माहिती कशी शोधावी?



उसाविषयी माहिती मिळत नाही, अशी तक्रार आता फारशी ऐकू येत नाही. उलट माहिती फार झाली आहे. मोबाईलवर रोज कोणी ना कोणी काही पाठवितो, औषधाचा दुकानदार एक सांगतो, शेजारचा बागाईतदार दुसरे सांगतो. यातले खरे कोणते आणि आपल्या रानाला लागू पडणारे कोणते, हे ठरवायचे कसे, ही खरी अडचण आहे.

दुसऱ्या बाजूला पाहावे तर उसावर शास्त्रशुद्ध काम करणाऱ्या संस्था कितीतरी वर्षांच्या आहेत. कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ सालचे. आपल्या पाडेगावचे संशोधन केंद्र १९३२ सालचे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ सालची. राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही चार कृषी विद्यापीठे आहेतच. या मंडळींनी केलेल्या कामाचा बराच मोठा भाग आज ऑनलाईन सूच्यांत नोंदलेला आहे, आणि त्यातल्या कित्येक सूच्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तरीही आपल्यापैकी बरेच जण तेथे एकदा डोकावतात, एक शब्द घालतात, भलतेच काही समोर आले की "यात काही नाही" म्हणून परत फिरतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे हे होते.

सूची पाहण्याची एक रीत आहे. ती अवघड नाही. आजच्या पाठात आपण ती हुमणीचे उदाहरण घेऊन पाहू.

१. सूची म्हणजे नोंदवही

आपल्या गट ऑफिसातील ऊस नोंदीची वही सर्वांच्या परिचयाची आहे. सभासदाचे नाव, कोड नंबर, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, अशी प्रत्येक फडाची एक ओळ असते. ऊस रानात असतो, वहीत त्याची फक्त ओळ असते. ओळ बरोबर सापडली तर तोडणीची स्लिप बरोबर रानात जाते.

ग्रंथालयाची किंवा संशोधन संस्थेची सूची ही अशीच वही आहे. प्रत्येक पुस्तकाची, लेखाची, प्रबंधाची तिच्यात एक नोंद असते. लेखकाचे नाव, शीर्षक, साल, संस्था, विषय आणि बहुधा थोडक्यात सारांश, इतके रकाने असतात. नोंद म्हणजे पुस्तक नव्हे, हे पहिल्यांदा लक्षात ठेवावे. काही नोंदींबरोबर पूर्ण मजकूर उघडतो, काहींच्या बाबतीत सारांशावर भागवावे लागते किंवा संबंधित ग्रंथालयाकडे मागणी करावी लागते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपला चिटबॉय माणूस आहे. "वरच्या ओढ्याकडचा पाटलांचा फड" म्हटले की त्याला समजते. वहीला समजत नाही. वहीत पाटील शंभर असतात, तिथे कोड नंबरच सांगावा लागतो. संगणकावरील सूचीही आपल्या मनातला हेतू ओळखत नाही, ती आपण दिलेला शब्द आपल्या रकान्यांत जुळवून पाहते. सबब शब्द कोणता द्यावा, यावर निम्मे काम अवलंबून आहे.

२. कोठे पाहावे

सुरुवातीला तीन ठिकाणे पुरे आहेत.

पहिले, कृषिकोश. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांची प्रकाशने आणि देशातील कृषी विद्यापीठांचे प्रबंध येथे एकत्र केले आहेत. आपल्या भागातील जमिनीवर, आपल्याच जातींवर झालेले काम पाहायचे तर आधी येथे जावे.

दुसरे, ॲग्रिस. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७४ साली ही सूची सुरू केली. जगभरातील शेतीविषयक लेखांच्या नोंदी तिच्यात आहेत. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, थायलंड या ऊस पिकविणाऱ्या देशांत काय चालले आहे, ते येथे कळते.

तिसरे, जवळच्या महाविद्यालयाचे किंवा जिल्हा ग्रंथालयाचे संगणकीय सूचीपत्र. मराठी पुस्तके येथे मिळतात आणि ती हातात घेऊन वाचता येतात. याशिवाय मराठी विश्वकोशही आता ऑनलाईन आहे. एखाद्या विषयाची तोंडओळख करून घेण्यास तो चांगला.

पहिल्या दोन ठिकाणचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. त्याला बिचकण्याचे कारण नाही. घरात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला शेजारी बसवावे. इंग्रजी तिचे आणि शेती आपली, असा मेळ घातला की काम होते.

३. एकाच वस्तूची अनेक नावे

आपण हुमणी म्हणतो. इंग्रजी लेखात तिला 'व्हाइट ग्रब' म्हणतात. शास्त्रीय नावाने पाहिले तर आपल्याकडे उसात प्रामुख्याने आढळणारी जात 'होलोट्रिकिया सेराटा' ही आहे, पण कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्यांच्या काठी 'ल्युकोफोलिस लेपिडोफोरा' ही वेगळी जात उपद्रव देते. आपल्या बोलण्यात दोन्ही हुमणीच. पण दोघींच्या सवयी निराळ्या असल्याने एकीवरचा उपाय दुसरीला जसाच्या तसा चालेल असे धरून चालता येत नाही. केवळ 'हुमणी' शोधले तर दोन्हींची सरमिसळ होते. शास्त्रीय नाव घातले की त्या त्या जातीवरचे काम वेगळे निघते. नदीकाठच्या सभासदांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे.

नेहमीच्या आणखी काही जोड्या खाली देतो. इंग्रजी स्पेलिंग कृषी सहायकाकडून किंवा मुलांकडून वहीत लिहून घ्यावे.

लोकरी मावा – वूली एफिड
खोडकीड – शूट बोअरर
चाबूक काणी – स्मट
गवताळ वाढ – ग्रासी शूट
खोडवा – रटून
पाचट – ट्रॅश
ठिबक – ड्रिप इरिगेशन
साखर उतारा – शुगर रिकव्हरी

'आडसाली' आणि 'सुरू' हे मात्र आपलेच शब्द इंग्रजी प्रबंधातही तसेच इंग्रजी अक्षरांत लिहितात.

उसाच्या जातींचे असेच आहे. 'को ८६०३२' आणि 'नीरा' ही एकच जात. 'कोएम ०२६५' आणि 'फुले २६५' एकच. 'कोसी ६७१' म्हणजे 'वसंत १', 'को ८०१४' म्हणजे 'महालक्ष्मी'. एका नावाने शोधले तर दुसऱ्या नावाने नोंदलेले काम सुटून जाते. त्यात '०२६५' मधील पुढचे शून्य 'फुले २६५' मध्ये नाही. शून्य गाळले तर पुष्कळ सूच्यांच्या दृष्टीने तो आकडाच वेगळा. को आणि आकडा यांत कोणी जागा सोडतो, कोणी आडवी रेघ देतो, कोणी दोन्ही जोडून लिहितो. आकडे मराठीत घातले की इंग्रजीत, यानेही फरक पडू शकतो. म्हणून तीन-चार तऱ्हेने घालून पाहावे.

जातीच्या नावातच काही माहिती दडलेली असते, तीही उपयोगी पडते. 'को' म्हणजे कोइमतूर. 'कोएम' म्हणजे कोइमतूरचा संकर आणि महाराष्ट्रातील निवड. अलीकडच्या पुष्कळ नावांत पहिले दोन आकडे सालाचे असतात. ८६०३२ मधील ८६ म्हणजे १९८६ आणि ०२६५ मधील ०२ म्हणजे २००२. जुन्या 'को ४१९', 'को ७४०' यांचे क्रमांक ओळीने दिलेले होते, त्यांत साल शोधू नये.

आता मराठी शब्दांची एक गोम सांगतो. मूळ शब्द 'ऊस', पण प्रत्यय लागला की 'उसाचे', 'उसावरील', 'उसातील' असा ऱ्हस्व होतो. काही जुन्या पुस्तकांवर 'ऊसाची' असेही छापलेले असते. 'ऊस' एवढाच शब्द घातला तर 'उसाची लागवड' अशा धर्तीचे शीर्षक पुष्कळ सूच्या दाखवीत नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो दुसरा शब्द झाला. खोडवा आणि खोडव्याचे, हुमणी आणि हुमणीचा, असेच समजावे. काही ग्रंथालयांनी मराठी शीर्षके इंग्रजी अक्षरांत नोंदली आहेत. तेथे ऊस म्हणून नुसते यू-एस घातले तर आधी अमेरिका हजर होते! अशा वेळी लेखकाच्या आडनावाने किंवा विषयाच्या इंग्रजी शब्दाने शोधावे. इंग्रजीतही 'शुगरकेन' कोणी एक शब्द लिहितो, कोणी दोन. दोन्ही पाहावेत.

४. शब्दांची जोडणी

एकटा 'व्हाइट ग्रब' घातला तर भुईमुगातील हुमणीही समोर येते, कारण ही कीड त्या पिकालाही खाते. म्हणून शब्द जोडावे लागतात. बहुतेक सूच्यांत चार खुणा चालतात.

'अँड' : दोन्ही शब्द असलेल्याच नोंदी येतात. 'व्हाइट ग्रब अँड शुगरकेन' घातले की भुईमूग बहुतांशी बाजूला पडतो. नोंदी कमी होतात.

'ऑर' : दोहोंपैकी एक असला तरी नोंद येते. 'नीरा ऑर को ८६०३२' असे घालावे. नोंदी वाढतात.

'नॉट' : नको तो शब्द वगळला जातो. हा जपून वापरावा. 'नॉट भुईमूग' म्हटले तर ऊस आणि भुईमूग दोन्हींवर केलेला एखादा चांगला प्रबंधही निघून जाईल. तण काढताना पीक उपटण्यातला हा प्रकार.

अवतरण चिन्ह : दोन शब्द अवतरणात घातले की ते शेजारी शेजारी असलेल्याच नोंदी येतात. एरवी 'व्हाइट' एकीकडे आणि 'ग्रब' दुसरीकडे, अशाही नोंदी गोळा होतात.

काही सूच्यांत शब्दाच्या शेवटी तारा घातला की त्या शब्दाची पुढची सर्व रूपे येतात. 'व्हरायटी'च्या इंग्रजी स्पेलिंगमधील शेवटचे अक्षर गाळून तारा घातला, तर 'व्हरायटीज' वेगळे शोधावे लागत नाही. प्रत्येक सूचीत मदतीचे पान असते. तेथे कोणत्या खुणा चालतात ते एकदा वाचून घ्यावे.

नियम सोपा आहे. नोंदी हजारांनी आल्या तर आणखी एक शब्द जोडावा, म्हणजे पीक, कीड, जिल्हा किंवा उपाय. एकही आली नाही तर एक शब्द काढावा किंवा दुसरे नाव घालावे. शून्य नोंदी याचा अर्थ माहिती नाही असा लगेच करू नये. बहुतेक वेळा शब्द चुकलेला असतो.

५. चाळण्याचेही महत्त्व

नेमके काय हवे ते ठाऊक असेल तेव्हा शब्द घालून शोधावे. नेमके काय विचारावे हेच कळत नसेल तेव्हा सूची चाळावी. आठवडी बाजारात आपण काय करतो? मीठ हवे असेल तर थेट दुकानात जातो, आणि बियाण्याचे काय काय आले आहे ते पाहायचे तर सगळी ओळ फिरतो. तसेच येथे.

कृषिकोशात विद्यापीठ निवडून त्याखालील नोंदी सालाप्रमाणे, लेखकाप्रमाणे, शीर्षकाप्रमाणे व विषयाप्रमाणे चाळता येतात. राहुरीच्या विद्यापीठात कीटकशास्त्रात कोणते विषय हाताळले गेले, ते असे चाळल्यावर दिसते. आपल्याला न सुचलेला उपाय, उदाहरणार्थ हुमणीला रोगी करणारी मेटारायझियम बुरशी, अशा चाळणीत हाती लागतो.

ग्रंथालयात चाळण्याची किल्ली म्हणजे वर्गांक. मेलव्हिल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धत आपल्याकडे अनेक ग्रंथालयांत चालते. तीत शेती ६३० मध्ये येते, ऊस ६३३.६१ ला, पिकांवरील किडी ६३२.७ ला, साखर बनविण्याचे शास्त्र ६६४.१ ला आणि सहकार ३३४ ला. म्हणजे ऊस पिकविण्याचे पुस्तक आणि साखर बनविण्याचे पुस्तक एका कपाटात नसतात, हे समजून जावे. एक चांगले पुस्तक सापडले की त्याचा वर्गांक टिपावा आणि त्याच क्रमांकाची शेजारची पुस्तके पाहावीत. संगणकीय सूचीतही पुष्कळ ठिकाणी शेजारचे कप्पे पडद्यावर पाहण्याची सोय असते.

शोधणे आणि चाळणे यांना जोडणारी एक युक्ती सर्वांत फलदायी आहे. एक चांगली नोंद सापडली की ती पूर्ण उघडावी. तिच्यात 'विषय' म्हणून एक रकाना असतो. सूची तयार करणाऱ्यांनी त्या विषयासाठी कोणते शब्द ठरविले आहेत, ते तेथे दिसतात. ते शब्द जसेच्या तसे उचलून पुन्हा शोध घालावा. शास्त्रीय नावाचे अवघड स्पेलिंगही तेथूनच उतरून घ्यावे. एका चांगल्या बेण्यावरून पुढचा सगळा प्लॉट करावा, तसे एका चांगल्या नोंदीवरून दहा नोंदी मिळतात.

६. साल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जुलै-ऑगस्टमध्ये फड पिवळा पडू लागला, बेट हिसका देताच हातात आले, मुळ्या कुरतडलेल्या दिसल्या, की सभासद घाईला येतो. ते साहजिक आहे. या दिवसांत मोठी झालेली अळी आठ-पंधरा दिवसांत फार नुकसान करते. अशा घाईत सूचीत 'हुमणी नियंत्रण' घालावे, पहिली नोंद उघडावी आणि त्यातले औषध आणायला निघावे, असे होता कामा नये.

कारण सूचीत जुने आणि नवे शेजारी शेजारी असते. १९७०–८० च्या काळातील साहित्यात हुमणीसाठी बीएचसी भुकटी जमिनीत मिसळण्याची शिफारस जागोजाग आढळते. त्या काळी ती अधिकृतच होती. परंतु १ एप्रिल १९९७ पासून बीएचसीवर देशात बंदी आहे. त्यानंतरच्या अनेक प्रबंधांत दाणेदार फोरेट आढळते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून तेही बंद झाले. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. सूची मात्र जुन्या प्रबंधावर "हे आता वापरू नये" असा शिक्का मारीत नाही. तो प्रबंध त्या सालचा खरा पुरावा आहे आणि सूचीचे काम तो जपून ठेवण्याचे आहे. आजचा निर्णय आपल्याला करायचा आहे.

म्हणून प्रत्येक नोंदीतील पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

(अ) साल कोणते? पुष्कळ सूच्या आपणहून जुळणीप्रमाणे क्रम लावतात. तो बदलून 'नवीन आधी' असा करून घ्यावा.

(आ) काम कोठे झाले? पाडेगावची भारी काळी जमीन, कोकणातील जांभी जमीन आणि ब्राझीलचे पावसावरचे रान यांचे निष्कर्ष एक नसतात.

(इ) प्रयोग शेतावर झाला की प्रयोगशाळेत, आणि किती हंगाम झाला? एका हंगामाच्या प्रयोगापेक्षा तीन हंगामांचा जास्त भरवशाचा.

(ई) कोणी केला आणि कोणी छापला? संशोधन संस्थेचा अहवाल आणि औषध कंपनीचे माहितीपत्रक यांना एकाच मापाने मोजू नये.

औषधाचे नाव हाती आले तरी खरेदीपूर्वी ते आज मंजूर आहे का आणि उसासाठी मंजूर आहे का, हे पाहावे. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती बंदी घातलेल्या औषधांची तसेच पीकवार मंजूर वापराची यादी प्रसिद्ध करते. ती ऑनलाईन आहे. ती पाहणे जमले नाही तर आपल्या शेतकी विभागात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारावे. सूची वाचून शहाणे झालेल्या सभासदाने माणसाला विचारणे सोडू नये. उलट आता त्याला नेमके काय विचारायचे ते कळलेले असते.

७. शोधाची वही

एक साधी वही करावी. तारीख, कोणती सूची, कोणते शब्द घातले, काय मिळाले, इतके चार रकाने पुरेत. उपयोगी नोंदीचे शीर्षक, लेखक, संस्था आणि साल उतरून घ्यावे. पुढच्या वर्षी हाच प्रश्न आला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि शेजाऱ्याला सांगताना "कुठंतरी वाचलं होतं" असे न म्हणता साल आणि संस्था सांगता येते. ऐकीव माहितीने गावात जे नुकसान होते, ते याने पुष्कळ टळेल.

अभ्यासासाठी

पुढील प्रश्न सभासदांनी घरातील मुलांसह सोडवून पाहावेत.

(१) 'फुले २६५' या जातीवरील काम शोधण्यासाठी किती प्रकारे शब्द घालता येतील? सर्व लिहून काढा.

(२) आपल्या गावच्या हुमणीची जात कोणती, हे शेतकी विभागाकडून खात्री करून घ्या आणि त्या शास्त्रीय नावाने कृषिकोशात शोध घ्या. २०२० नंतरच्या नोंदी वेगळ्या काढा.

(३) खोडव्यात पाचट ठेवण्याविषयी एक मराठी पुस्तक आणि एक इंग्रजी प्रबंध शोधा. दोन्हींचे साल आणि ठिकाण लिहा.

(४) जवळच्या ग्रंथालयात ६३३.६१ या वर्गांकाची पुस्तके कोणत्या कपाटात आहेत ते पाहून या, आणि त्यातले सर्वांत नवे कोणते ते टिपा.

उत्तरांच्या वह्या गट ऑफिसात दाखवाव्यात. हुमणीच्या नोंदी मात्र पावसाळ्याची वाट न पाहता उन्हाळ्यातच काढून ठेवाव्यात. वळवाचा पाऊस पडला की होलोट्रिकियाचे भुंगेरे संध्याकाळी बाभूळ, कडुनिंबावर येतात, आणि ते गोळा करून मारण्याचे दिवस थोडेच असतात.